जोडलेली दोन माणसं

मुलाच्या लग्नानंतरची चार वर्षं शालनबाई उतेकर आपल्या सुनेशी भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या.

सून कस्तुरी जन्मापासून बहिरी. कऱ्हाडकडच्या निवासी शाळेत शिकलेली, हातांनी बोलणारी. शालनबाईंचा मुलगा सुयश कोयना धरणाच्या फुगवट्यावर लाँच चालवायचा. त्यानं लग्नाआधीच तिची भाषा शिकून घेतली होती. शालनबाईंना मात्र तशी गरज कधी पडली नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पडदा होता. हाक मारली की साताऱ्यात बसलेली अनुजा नावाची दुभाषी त्यावर हजर व्हायची. शालनबाई बोलत, अनुजा ते हातांनी सांगे. कस्तुरी हातांनी सांगे, अनुजा ते बोलून दाखवी. हळूहळू असं झालं की "अगं अनुजा, हिला सांग जरा" म्हणून सुरुवात व्हायची आणि गप्पा अनुजाच्या आईच्या गुडघेदुखीपर्यंत जाऊन पोचायच्या. कस्तुरी शेजारी भाजी निवडत बसून राहायची. ती रुसत नसे. पण एकदा ती सुयशला हातांनी म्हणाली होती, "तुझ्या आईला दोन सुना आहेत. त्यांतली बोलकी साताऱ्याला राहते."

देऊरटेंब ही पाण्याकाठची छोटी वाडी. बरीच घरं कुलपात, माणसं मुंबईला. त्यातही उतेकरांचं घर वाडीच्या पलीकडे, खडकाच्या सोंडेआड. अशा आडोशाच्या घरात साताऱ्याची अनुजा स्वच्छ दिसायची, ती फोनच्या नव्या जाळ्यामुळे.

पूर्वी डोंगरावर फोनचा एकच उंच मनोरा असे. एका माणसानं टेकाडावर उभं राहून अख्ख्या खोऱ्याला ओरडून सांगावं, तसं त्याचं काम. वळणाआड त्याचा आवाज पोचायचा नाही आणि ओरडण्यात ताकद मात्र भरपूर जायची. पंचक्रोशीतल्या लोकांच्या संपर्क संस्थेनं मनोरा काढून टाकला. त्याच्या जागी देवळाच्या कळसाजवळ, शाळेच्या पत्र्यावर, धक्क्याच्या खांबावर, लाँचच्या टपावर ताटलीएवढे अँटेना बसवले. प्रत्येकाला आपापलं सौरपॅनेल आणि आपापली बॅटरी. सगळे मिळून तालुक्याच्या गावातल्या एका संगणकाच्या हुकमात. ओरडायचं कुणीच नाही. ज्यानं त्यानं जवळच्यापाशी कुजबुजायचं. जिथं कुजबुज पुरणार नाही तिथं संगणक पाच-सात अँटेनांना एकच निरोप अशी वेळ साधून पाठवायला लावी, की सगळ्यांच्या लहरी त्याच घरावर माथ्याला माथा लागून पोचाव्यात. दोन लाँचच्या लाटा धक्क्यापाशी एकमेकींत शिरल्या की तिथलं पाणी जास्त उसळतं, तसंच. ऐकतानाही असंच. एकाला अर्धवट ऐकू आलेलं सगळ्यांनी मिळून पुरं करायचं.

यात अडचण एकच होती. जागता अँटेना वीज खातो, कुणी बोलत नसलं तरीही. म्हणून संगणकाला क्षणाक्षणाला तेच गणित सोडवावं लागे: किती अँटेना जागे ठेवायचे, किती झोपवायचे, आणि जे जागे आहेत त्यांच्यातून किती माणसांना किती द्यायचं. जास्त जागवले तर सगळ्यांची चंगळ, पण बॅटऱ्या रिकाम्या. जास्त झोपवले तर वीज शिल्लक, पण कुणीतरी तुटतं. उन्हाळ्यात हे गणित पोरखेळ होतं. पावसाळ्यात ते गळ्याशी यायचं.

पावसाळ्यासाठीचा नियम समीना मुलाणीनं लिहिला होता. समीना ही संस्थेची इंजिनिअर, वाईची. नियम साधा होता: वीज कमी पडली तरी कुणालाही तोडायचं नाही. सगळ्यांना बोलणं आणि लिहिलेला निरोप द्यायचा. चित्र कुणालाच नाही. एका घराला चित्र पुरवायच्या विजेत शेकडो माणसं बोलू शकतात. संस्थेच्या सभेत नियम वाचला गेला तेव्हा कुणीच हरकत घेतली नाही. घेण्यासारखं त्यात काही दिसलंही नाही.

त्या श्रावणात वादळानं बॅटऱ्यांना जोडीची वीज देणाऱ्या मुख्य वाहिनीचे खांब पाडले आणि ढग खोऱ्यावर बसले ते उठेनातच. जाळं बचतीवर गेलं. सगळ्यांच्या फोनवर निरोप आला: चित्रसेवा बंद आहे, सर्व सभासद जोडलेले आहेत.

शालनबाईंचं काही अडलं नाही. त्या बहिणीशी बोलल्या, मुंबईच्या जावेशी बोलल्या, वाऱ्यामुळे लाँच बांधून पलीकडच्या काठाला अडकलेल्या सुयशशी तर रोजच बोलल्या. भिंतीवरचा पडदा तेवढा काळा होता. त्याच्याखाली कस्तुरी बसलेली असे. तिला आठवा महिना होता.

सुयश फोनवर बोलायचा तो आईशी. बायकोला तो निरोप लिहायचा आणि ती उत्तर द्यायची, "मी छान. आई छान. तू जेव." लिहिलेली मराठी तिला परक्या गावासारखी होती, वाट सापडायची, पण रमायला व्हायचं नाही. हातांच्या भाषेला ना विभक्त्या, ना काना-मात्रा. तिथं अर्थ जागेत असतो, वेगात असतो, चेहऱ्यावर असतो. ते सगळं कागदावर उतरवताना तिच्या हाती दोन-तीन शब्दच उरायचे.

एके दिवशी सकाळी कस्तुरी उठली ती डोकं धरूनच. चेहरा सुजलेला. शालनबाईंनी कपाळाला सुंठ उगाळून लावली. दुपारी तिला उलटी झाली. मग ती सासूसमोर बसली, दोन्ही हात डोळ्यांपुढे धरले आणि बोटं भराभर उघडमीट करू लागली. शालनबाईंना कळेना. कस्तुरीनं फोनवर लिहून दाखवलं: "डोळा दिवा खूप."

"दिवा डोळ्याला लागतुया व्हय?" शालनबाई म्हणाल्या. त्यांनी दिवा विझवला, खिडकीला चादर लावली आणि गावच्या आरोग्यसेविकेला फोन करून सांगितलं की सुनेचे डोळे आलेत. तिनं डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या.

शालनबाईंनी ओली घडी आणली. कस्तुरीनं ती बाजूला सारली. त्यांनी पुन्हा ठेवली. या वेळी कस्तुरीनं सासूचं मनगट घट्ट धरलं आणि नाही नाही अशी मान हलवत राहिली. मग पुन्हा तेच, बोटांची उघडमीट, आणि एक हात उजव्या बरगडीखाली. चार वर्षांत शालनबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. त्यांची नजर नेहमी पडद्यावर असायची. आज त्यांना दिसलं की पोरगी घाबरलेली आहे, आणि डोळे आल्यावर कुणी एवढं घाबरत नाही.

त्यांनी जाळ्याच्या कचेरीत फोन लावला. समीनानं उचलला.

"बाई, आमचा पडदा चालू करा."

"काकी, सगळीकडंच चित्र बंद आहे. बॅटऱ्या तळाला गेल्यात. पण तुमचं घर मला जोडलेलं दिसतंय. माणसं दोन, दोघीही जोडलेल्या."

"कोन दोघी? मी बोलतीया तुज्याशी. ती कुटं बोलतीया?"

"त्यांना लिहिता येतं ना काकी? निरोपाची सोय चालू आहे."

"लिवलं तिनं. म्या वाचलं. म्या उलटं वाचलं आसंल तर?" शालनबाईंचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. "पोटुशी हाय गं ती. आठवा म्हैना हाय. मगाधरनं काय तरी सांगतीया आन् मला कळंना. चार वर्सं माज्या घरात हाय, आन् मला कळंना."

समीनासमोर खोऱ्याचा नकाशा होता. देऊरटेंबच्या टोकाला हिरवा ठिपका आणि त्याच्याशेजारी अक्षरं: ग्राहक दोन, सेवा समाधानकारक. हा ठिपका हिरवा कधी करायचा हे तिनंच ठरवलं होतं. फोनपर्यंत आवाज पोचला की माणूस जोडलेलं. ऐकू न येणाऱ्या बाईपर्यंत आवाज पोचवून गणितानं तिला समाधानी ठरवलं होतं.

तिनं घाईनं आकडेमोड करून पाहिली. खडकाच्या सोंडेआड चित्र न्यायचं तर पाण्यापलीकडच्या शेलारवाडीचे सगळे अँटेना जागवून देऊरटेंबवर रोखावे लागणार होते. जेमतेम दहा मिनिटं चित्र मिळालं असतं आणि तेवढ्यात त्यांच्या बॅटऱ्या संपल्या असत्या. मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत शेलारवाडी मुकी. तिथली साठेक घरं. त्यांचा काही दोष नव्हता, आणि त्यांना यातलं काही माहीतही नव्हतं.

"काकी," ती म्हणाली, "पडद्यासमोर बसा. दोघीही. मी अनुजाला बोलावते. आणि फोन ठेवू नका."

पडदा उजळला. अनुजा दिसली, थोडी ठिपक्याठिपक्यांची, पण दिसली. कस्तुरीचे हात असे सुटले की जणू कुणी त्यांची गाठ सोडली.

अनुजा तिच्या हातांमागोमाग बोलत गेली. "दिवा नाही, काकी. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणते. सकाळपासून. डोकं फुटेल असं दुखतंय. बरगडीखाली दुखतंय. बाळ कालपासून कमी हलतंय." अनुजाचा स्वतःचा आवाज बदलला. "काकी, थांबा. मी डॉक्टरांना जोडून घेते."

तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर वैजयंती नाझरे पडद्यावर आल्या. त्यांनी कस्तुरीला चेहरा जवळ आणायला सांगितलं, पायाच्या नडगीवर अंगठा दाबून दाखवायला सांगितलं. दाबलेल्या जागी खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"रक्तदाब फार चढलेला असणार," त्या म्हणाल्या. "यात कधीही झटके येऊ शकतात. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेतेल. आत्ताच्या आत्ता हलवा. पलीकडच्या धक्क्यावर मी रुग्णवाहिका पाठवते. डाव्या कुशीवर झोपवून आणा."

अनुजा हे कस्तुरीला सांगत होती. शेवटचं वाक्य सांगून तिनं आणखी काहीतरी केलं, धीर दिल्यासारखा तळहात छातीवर ठेवून पुढे नेला. मग पडदा विझला.

शालनबाईंनी सुयशला फोन लावला. तो लागला, कारण देऊरटेंबच्या स्वतःच्या आणि सुयशच्या लाँचवरच्या अँटेनात बोलण्यापुरती धुगधुगी होती. सुयशनं पुढचं काही ऐकून घेतलं नाही. वारा पडलेला नव्हता. तरी त्यानं लाँच सोडली. सोबतीला दुसऱ्या लाँचवरचा इनूस होता. येताना लाटा टपापर्यंत उडत होत्या. जाताना कस्तुरी फळीवर डाव्या कुशीवर, डोकं सासूच्या मांडीवर. इंजिनाच्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. शालनबाई सबंध वाट सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पाण्याचा सपकारा आला की पदरानं पुसत राहिल्या.

संध्याकाळी कस्तुरीचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली. एवढीशी, दोन्ही मुठी आवळलेली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर नाझरे बाहेर येऊन म्हणाल्या, "दोघी वाचल्यात. अजून उशीर झाला असता तर मी हे म्हणू शकले नसते."

चौथ्या दिवशी अनुजा साताऱ्याहून आली. शालनबाईंनी तिला पहिल्यांदाच सबंध पाहिलं. पडद्यावर ती कंबरेपर्यंतच असायची. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि सवयीनं म्हणाल्या, "अगं अनुजा, हिला सांग..."

"काकी," अनुजा हळूच म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. तिच्याकडं बघून बोला. मी आहेच."

शालनबाई वळल्या. सून उशीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. म्हणाल्या, "तू माजा हात धरलास ते बरं केलंस, बाई. न्हाईतर म्या घडीच ठेवत बसले असते."

अनुजानं सांगितलं. कस्तुरी हसली, आणि तिनं पुन्हा सासूचं मनगट धरलं.

समीना रुग्णालयात आली ती त्यानंतर. त्याआधी ती शेलारवाडीला जाऊन आली होती. देवळात माणसं जमवून तिनं सांगितलं होतं की त्या रात्री तुमचे फोन बंद पडले ते बिघाडानं नाही, मी बंद पाडले, आणि का पाडले. माणसांनी ऐकून घेतलं. बायांनी बाळाची चौकशी केली. उठताना सोपानआबा शेलार नावाचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्या संध्याकाळी वाशीला माझा भाऊ गेला. जायच्या आधी त्याला माझ्याशी बोलायचं होतं. पोरं फोन लावत होती. लागत नव्हता."

समीनानं हात जोडले.

"मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो," आबा म्हणाले. "पोरगी वाचत असंल तर कोण नको म्हणेल? पण विचारलं न्हाई. तेवढं राहून गेलं."

शालनबाईंना आणि कस्तुरीला हे सांगताना समीना रडली. कस्तुरीनं अनुजामार्फत विचारलं, "एवढी वीज कशाला लागते? माझ्या मागची भिंत, शिंकाळं, आईंची साडी, हे सगळं साताऱ्याला कशाला पाठवता? माझे हात पाठवा."

कचेरीत परतताना समीनाच्या डोक्यात तेच घोळत होतं. चित्रात ठिपके लाखोंनी असतात. पण बोलतात ते हात. कोपर, मनगट, बोटांची पेरं, एवढ्याच जागा कुठं आहेत आणि कुठं सरकताहेत हे पाठवलं, तर ओझं जवळजवळ फोनवरच्या बोलण्याएवढंच होतं. घरातला कॅमेरा ते बिंदू शोधून काढेल. पलीकडच्या पडद्यावर त्यांची रेघारेघांची बाहुली हात हलवेल. कुठले अँटेना जागे ठेवायचे हे गणित तेच राहील, फक्त त्याच विजेत एक माणूस खरोखर जास्त मावेल.

बाहुली तयार झाली तेव्हा तिनं ती कस्तुरीला दाखवली. तोवर बाळ पेटीतून बाहेर आलं होतं. कस्तुरीनं थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली. "हिला भुवया नाहीत."

"भुवया?"

"'तू जेवलास' आणि 'तू जेवलास का', हात सारखेच. भुवई उचलली की प्रश्न. ही बाहुली काही विचारूच शकत नाही."

समीनानं भुवया दिल्या, मग गाल, मग ओठांचे कोपरे. प्रत्येक वेळी कस्तुरी काही ना काही मागायची आणि समीना परत जायची. ओझं थोडं वाढलं, पण चित्राच्या मानानं काहीच नाही. संस्थेच्या सभेत नियम नव्यानं लिहिला गेला. हिरवा ठिपका आता आवाज पोचला म्हणून लागत नव्हता. ज्याची जी भाषा, तिच्यात त्याला सांगता आलं तर लागत होता. आणि एका वाडीची वीज दुसरीकडे वळवायची झाली तर त्या वाडीतल्या प्रत्येक घरी आधी विचारणा जाईल, हे कलम समीनानं स्वतः मांडलं.

बारसं दसऱ्यानंतर झालं. सुयशच्या बहिणीनं बाळाच्या कानात कुर्र करून 'ऊर्मिला' नाव सांगितलं. मग कस्तुरीनं तिला आपल्या भाषेतलं नाव दिलं: आवळलेली मूठ, हनुवटीखाली. बायांनी आपापल्या मुठी करून पाहिल्या. घर हसण्यानं भरलं.

शेलारवाडीची लाँच लागली तेव्हा जेवणं चालू होती. सोपानआबा काठी टेकत वर आले. हातात नारळ आणि बाळाला अंगडं. शालनबाई पुढे झाल्या आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठायला त्यांना वेळ लागला.

"ऊठ गं, ऊठ," आबा म्हणाले. "बाळ कुठाय?"

कस्तुरी बाळाला घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग समोर बसून हातांनी बोलू लागली. आज पडदा लावलेला नव्हता आणि अनुजाही नव्हती. सुयश खाली धक्क्यावर होता. कस्तुरी बराच वेळ बोलत होती. तिचे हात पाण्यापलीकडे गेले, परत आले, कानाशी थांबले, छातीवर आले. एकदा तिला डोळे पुसावे लागले.

आबांनी शालनबाईंकडे पाहिलं. "काय म्हणते गं?"

शालनबाई श्रावणापासून रोज थोडं थोडं शिकत होत्या. बोटं अजून वळत नव्हती, पण डोळे तयार होत होते.

"म्हनती, तुमचा भाऊ तुमाला हाक मारत हुता, तवा ती हाक तिनं वापरली. तिला ठावं हाय. ह्या पोरीला मोठी झाली की सांगनार हाय, तुमच्या भावाचं नाव घिऊन. त्येंचं नाव काय हुतं, इचारती."

"ज्ञानू," आबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "एवढंच म्हणाली? लई वेळ बोलत होती."

"न्हाई, आबा. म्या आजून आर्धंच शिकलीया." शालनबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती भुवया उंचावून त्यांच्याकडेच बघत होती. "आर्ध्यातच एवढं हाय."